मी उचललेल्या साच्यातला नव्हे

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे, आणि लगेच दुसरी गोष्टही सांगून टाकतो, मी नकली नाही. तुम्ही विचारलं नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण १९९९ च्या उन्हाळ्यात पेण तालुक्यात माझी इतकी बदनामी झाली, की तेव्हापासून ओळख करून देताना हे आधी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

दिसायला मी चपटा, चौकोनी, तळहातावर मावेन एवढा. पोटाखाली बारीक पिनांचं दाट रान आहे. त्यातली एक जरी वाकली तरी माझं काम अडतं, म्हणून लोक मला नाजूक म्हणतात. काम मात्र नाजूक नाही. कॉम्प्युटरमध्ये काहीही करायचं म्हटलं की आकडेमोड शेवटी माझ्याच गळ्यात येते. कौतुक होतं ते मॉनिटरचं, कारण तो चमकतो. असू दे. मी अशा गोष्टी मनाला लावून घेत नाही. म्हणजे फारशा नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. वाळूपासून काढलेल्या सिलिकॉनची गोल चकती, तिच्यावर डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक नक्षी, आणि मग शंकरपाळ्यांसारखे कापलेले चौकोन. माझ्या शेजारचा चौकोन तो माझा जुळा भाऊ. तीच चकती, तीच नक्षी, तोच दिवस. तपासणीत दोघेही पास झालो आणि एकाच ट्रेमध्ये शेजारी बसून मुंबईच्या बाजारात आलो.

तिथे आम्हाला न्यायला पेणची दिपिका आली. दुकानदाराने तिला विचारलं, "बरोबर भाऊबिऊ कुणी नाही का?" ती म्हणाली, "भाऊ नाय मला. प्रोसेसर दाखवा. दोन हवेत, अगदी एकसारखे." मला ती तिथेच आवडली.

दिपिका ही बायजाबाईंची एकुलती एक मुलगी. वडील ती लहान असतानाच गेले, आणि तिला वाढवलं, शिकवलं ते तिच्या मामांनी. मामा म्हणजे पेणजवळच्या जोहे गावचे कमळाकर, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्याचे मालक. दिपिकाने कॉम्प्युटर जोडायचं शिकायचं ठरवलं तेव्हा आळीतली माणसं म्हणाली, पोरीच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर शोभतो का? मामांनी सगळ्यांना गप्प केलं. "माज्या कारखान्यात बाया गणपतीचं डोळं रेखतात. हिनं चार स्क्रू पिळले तर काय आभाळ कोसळतंय?" पुढे तिने रोह्याच्या विराजशी लग्न करायचं ठरवलं. विराज कंपनीत नोकरीला, घर मास्तरांचं, जात वेगळी, बोलणं वेगळं. पुन्हा कुजबुज झाली, आणि पुन्हा मामाच उभे राहिले. "मला पोरगा पसंत हाय," एवढं म्हणाले, आणि विषय संपला.

तर मेमध्ये लग्न ठरलं होतं, आणि त्याआधी दिपिकाने दोन कॉम्प्युटर जोडले. एक मामांच्या कारखान्यासाठी. त्यात मी. दुसरा रोह्याला, विराजच्या घरी, त्याचे वडील मोरोपंत यांना निवृत्तीनंतर आठवणी लिहायच्या होत्या म्हणून. त्यात माझा भाऊ. बाकी सगळं एकसारखं, पंखासुद्धा.

जोह्याचे दिवस फार सुखाचे होते. नुसता कॉम्प्युटर नव्हे, मामांच्या लेखी मी घरातलं माणूस होतो. कॅबिनेटचं झाकण त्यांनी कधी लावूच दिलं नाही. "जीव गुदमरंल त्याचा," म्हणायचे. त्यामुळे कारखान्यातला सगळा पांढरा भुगा माझ्या अंगावर यायचा आणि मी सदानकदा पावडर लावल्यासारखा दिसायचो, पण मामांचा माझ्यावरचा जीव बघून मी तक्रार केली नाही. शिवाय उघड्या झाकणातून सगळ्यांचं बोलणं अगदी स्पष्ट ऐकू यायचं.

आता माझ्या बदनामीचं मूळ सांगतो. नीट ऐका, कारण मोठ्या माणसांचा यातच गोंधळ झाला.

कॉम्प्युटर सुरू झाला की आधी कर्नेल नावाचा प्रोग्राम जागा होतो. तो आमच्या घरचा कारभारी. प्रोसेसरकडून काम करून घ्यायचं ते त्यानेच. तो जागा झाला की मला विचारतो, "बोल, तुझ्या अंगात काय काय आहे?" मी उत्तर देतो ते फक्त हो आणि नाही. पहिला गुण? हो. दुसरा? हो. असं ओळीने शेवटपर्यंत. गुणांची नावं माझ्याकडे नसतातच, ती असतात कारभाऱ्याच्या डोक्यात. प्रत्येक 'हो'समोर तो आपल्याला माहीत असलेलं नाव लिहितो, आणि कुणी मागितली की ती नावांची ओळ स्क्रीनवर दाखवतो.

जोह्याला दिपिकाने घातलेलं लिनक्स, म्हणजे अख्खा कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या जुन्या सीडीवरचं होतं. फुकट होतं आणि चोरीचं नव्हतं, म्हणून तिला ते आवडायचं. त्यातला कारभारी स्वभावाने चांगला, पण जुन्या वळणाचा. माझ्या अंगातले काही गुण त्याच्या वेळी कुणाला ठाऊकच नव्हते. तिथे मी जीव तोडून "हो" म्हणायचो आणि हा नुसता पुढे सरकायचा.

"अहो, लिहा की," मी म्हणायचो.

"नाव काय त्याचं?"

"नाव मला कुठे माहीत?"

"मग राहू दे," असं म्हणून तो पुढचा गुण घ्यायचा.

रोज सकाळी हे असं. पण मामा खूश होते. दिपिकाने त्यांना एक आज्ञा टाइप करायला शिकवली होती. ती टाइप केली की माझ्या गुणांची ओळ दिसायची. चहाला कुणी आलं की मामा हात पुसून खुर्चीत बसायचे आणि एका बोटाने ती आज्ञा टाइप करायचे. "ही बघा, आमच्या दिपिकानं जोडलेल्या मशीनची वळख. हे एफपीयू. हे टीएससी. हे एपिक. हे एमएमएक्स." पाहुण्यांना काही कळायचं नाही, मामांनाही नाही, पण सगळ्यांच्या माना डोलायच्या. ती ओळ मामांना तोंडपाठ झाली होती.

एप्रिलच्या शेवटी लग्नाच्या बोलण्यांसाठी मामा रोह्याला गेले. तिथे जे घडलं ते मी बघितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी बायजाबाई जोह्याला आल्या तेव्हा मामांनी ते इतक्या मोठ्या आवाजात सांगितलं की खाडीपलीकडेही ऐकू गेलं असेल.

झालं असं की विराजला नव्या मासिकाबरोबर नवी सीडी मिळाली होती, आणि हौसेने त्याने ती आपल्या कॉम्प्युटरवर घातली. नवी सीडी, नवा कारभारी. मामांना आमरस वाढता वाढता तो म्हणाला, "मामा, तुमच्याकडे आहे ना, तोच प्रोसेसर आहे आमचा. दाखवतो ओळख." आणि त्याने ती आज्ञा टाइप केली. नावांची ओळ आली ती थांबेचना. एक ओळ भरली, दुसरी सुरू झाली. मामांच्या पाठांतरात नसलेली नावं धडाधड यायला लागली. मामांनी आमरसाची वाटी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

"बायजे, मी काय खुळा हाय?" मामा म्हणाले. "माला साचा कळत नाय?"

मित्रांनो, इथे जोह्याची एक गोष्ट सांगायला हवी. चांगला कारागीर आधी हाताने मूर्ती घडवतो आणि तिच्यावरून साचा काढतो. त्या साच्यातून निघालेल्या मूर्तीला बोटांची नखं असतात, उंदराला मिशा असतात. पण काही लबाड लोक काय करतात, दुसऱ्याच्या कारखान्यातली तयार मूर्ती विकत आणतात आणि तिच्यावरूनच साचा उचलतात. अशा उचललेल्या साच्यातली मूर्ती लांबून तशीच दिसते, पण बारकावे जातात. मिशा जातात, नखं जातात, सोंडेवरच्या वळ्या पुसट होतात. जोह्यातला माणूस अशी मूर्ती लांबूनच ओळखतो आणि तिच्याकडे पाठ फिरवतो.

मामांनी तोच नियम मला लावला. रोह्याच्या प्रोसेसरला सगळे बारकावे, जोह्याच्या प्रोसेसरला अर्धेच. म्हणजे रोह्याचा असली आणि मी उचललेल्या साच्यातला!

"सासरला असली दिला आनि मामाला नकली," मामा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दोनशे माणसांत मी ती वळख दाखवली गो. पोर तिकडची झाली. शिकली, आनि तिकडची झाली."

"असं नसंल रं कमळाकर," बायजाबाई म्हणाल्या.

"मी मांडवात येनार नाय. सांग तिला."

मी इकडे गरम झालो होतो. पंखा भिरभिरत होता. ओरडून सांगावंसं वाटत होतं, की मामा, तुमच्या दिपिकाने काही केलेलं नाही, हा कारभारी बघा, हा लिहीतच नाही! पण मला कुणी काही विचारलं तरच बोलता येतं, आणि तेही हो किंवा नाही एवढंच.

दिपिकाच्या माणसांतली रीत अशी, की नवरीला मांडवात आणायची ती तिच्या मामाने. वडील नसलेल्या मुलीला तर मामाच सगळं काही. बायजाबाई रडतच पेणला गेल्या, आणि संध्याकाळच्या एसटीने दिपिका जोह्याला आली.

"मामा, प्रोसेसर तोच हाय," ती म्हणाली. "फक्त तिकडचा कर्नेल नवा. त्याला जास्त नावं माहीत. बस, एवढंच."

"माला शिकवू नको."

"बरं, मग तुमच्यावर पन नवीन सीडी टाकते. तुमची नावांची वळ पन लांब होईल."

मामांनी तिच्याकडे बघितलं. "म्हंजे नकली मूर्तीवर रंगानं मिशा काढनार? अशीच खपवतात गो ती लोकं."

दिपिका तशीच परत गेली आणि त्या दिवसापासून मामांनी माझ्याकडे बघणं सोडलं. पाहुणे आले की चहा बाहेरच. आणि एक दिवस मामांनी माझ्या कॅबिनेटचं झाकण लावून टाकलं. आपण ज्याला आवडतो त्याने असं केलं की फार लागतं, मित्रांनो. मी लपवत नाही, मला फार लागलं.

पुढे हळदीचा दिवस आला. पेणला बायजाबाईंच्या दारात मांडव, बायकांची गर्दी, ढोल, आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारी ठमाबाई. ठमाबाई धवलारीण होती. लग्नाची जुनी गाणी तीच म्हणते, आणि कुठला विधी कधी, कसा, तेही तीच सांगते. तिच्यापुढे भटजीसुद्धा आवाज चढवत नसत.

सकाळी दिपिकाला हळद लागली, आणि दुपारी दारात टेम्पो थांबला. आत मामा आणि मी. मामांनी अख्खा कॉम्प्युटर ओटीवर आणून ठेवला.

"हे तुझं तुला," मामा म्हणाले. "नकली वस्तू मी कारखान्यात ठेवत नाय. उद्या माजी वाट बघू नका."

ढोल थांबला. दिपिका हळदीच्या साडीत, कपाळाला मुंडावळ्या, तोंड पिवळंधमक, तशीच बाहेर आली. मला वाटलं आता ही रडणार. पण ती रडली नाही. तिने कमरेवर हात ठेवले.

"मामा, तुमी बसा हितं. संध्याकाळपर्यंत बसा. मग मी नकली देनारी हाय असं वाटलं तर खुशाल जा. मी एकटी चालत जाईन मांडवात, पन दुसरा मामा आननार नाय."

मामा जागच्या जागी उभे राहिले आणि मग बसले. तिने शेजारच्या घरून रोह्याला फोन लावला. फोनवर काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पण उन्हं कलायच्या आत एक जीप येऊन थांबली. पुढे विराज, त्याच्याही तोंडाला हळद. मागे मोरोपंत, मांडीवर शालीत गुंडाळलेलं कॅबिनेट, शेजारी मॉनिटर. रस्ताभर खड्ड्यांत ते कॅबिनेट त्यांनी नातवासारखं सांभाळलं होतं.

विराज ओटीवर पाय ठेवणार, इतक्यात ठमाबाई कडाडली. "थांब रं! हळद लागल्यावर नवऱ्यानं नवरीचं तोंड बघायचं नाय!"

"मावशी, फक्त प्रोसेसर बदलायचाय," विराज म्हणाला.

"काय बदलायचाय ते बदल. तोंड बघायचं नाय."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. ठमाबाईने घरातून एक चादर आणवली आणि ओटीच्या मधोमध आडवी धरायला लावली. एक टोक तिच्या हातात. दुसरं टोक धरायला कुणीच पुढे येईना, तेव्हा तिने ते सरळ मामांच्या हातात कोंबलं. "रुसलास तरी हात रिकामाच हाय ना? धर." मामांनी धरलं. अलीकडे दिपिका आणि मी, पलीकडे विराज आणि माझा भाऊ. दोन टेबलं, दोन मॉनिटर, मध्ये मोठ्या फुलांची चादर. लग्नातला अंतरपाट एक दिवस आधीच धरला गेला होता.

दिपिकाने बेत सांगितला. आधी दोन्ही मशीनच्या ओळी वाचायच्या. मग दोन्ही प्रोसेसर काढायचे, अदलाबदल करायचे, आणि परत वाचायच्या. "मी नकली असेन ना मामा, म्हंजे माझा प्रोसेसर नकली असंल, तर तो तिकडं गेला तरी त्याची वळ आखूडच यायला पायजे. बरोबर?"

मामांनी विचार केला. "बरोबर. नकली मूर्ती दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात ठेवली तरी नकलीच."

वाचायचं काम मोरोपंतांनी घेतलं. आयुष्यभर शाळेत हजेरी घेतलेला माणूस. चष्मा लावून ते चादरीच्या अलीकडे आले आणि एकेक नाव खणखणीत आवाजात म्हणू लागले. "एफपीयू! टीएससी! एपिक! एमएमएक्स!" जमलेली पोरंटोरं प्रत्येक नावाला "हजर!" म्हणून ओरडायला लागली. मग पंत पलीकडे गेले. तिथे हजेरी बराच वेळ चालली. मामा प्रत्येक जादा नावाला चादर आवळत होते.

मग वीज बंद केली आणि दिपिकाने झाकण उघडलं. कितीतरी दिवसांनी मला वारा लागला. तिने पंखा काढला, मी तापू नये म्हणून पाठीवर लावलेलं पांढरं मलम पुसलं, बाजूची दांडी उचलली आणि मला अलगद वर घेतलं. मी तिच्या हळदीच्या बोटांत होतो. पलीकडे विराजनेही भावाला काढलं. चादरीखालून दोघांचे हात पुढे आले.

"हाताला हात लावू नको गो!" ठमाबाई ओरडली. "ताटली आना!"

मग स्टीलची ताटली आली. तिच्यात आम्ही दोघं भाऊ शेजारी शेजारी बसलो, मुंबईच्या त्या ट्रेनंतर पहिल्यांदाच. बोलायला खूप होतं, पण वीज नसेल तर आमची वाचा बंद. दोघांनाही थोडी थोडी हळद लागली होती, आणि कुणीतरी आजीबाईने सवयीने ताटलीत अक्षताही टाकल्या. त्या दिपिकाने एकेक करून वेचल्या, पिनांत अडकतील म्हणून. ठमाबाईने तेवढ्यात प्रोसेसरच्या नावाने एक गाणं रचून म्हटलं. त्यात मला चौरंग म्हटलं होतं. चालायचंच.

दोन्ही मशीन पुन्हा सुरू झाल्या. मी आता भावाच्या घरात होतो. नवा कारभारी जागा झाला. टापटिपीचा, झटपट बोलणारा. "बोल, तुझ्या अंगात काय काय आहे?"

मी तेच सांगितलं जे रोज सांगत होतो. हो, हो, नाही, हो. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि तो लिहीत गेला. ज्या गुणांना जोह्यात कधी नाव मिळालं नव्हतं, त्यांची नावं तो सहज लिहीत गेला. "अहो, हा गुण तुम्हाला ठाऊक आहे?" मी विचारलं. "म्हणजे काय, एफएक्सएसआर," तो म्हणाला. माझ्या त्या गुणाला असं नाव आहे हे मला तेव्हा कळलं. काय वाटलं ते सांगता येत नाही.

एका ठिकाणी मात्र तो लिहिता लिहिता थांबला. "हे एपिक. अनेक प्रोसेसर असले की कामं वाटून घ्यायला लागतं ते. इथे तू एकटाच. मी ही सोय बंद ठेवतो, म्हणून नावही लिहीत नाही."

"पण ते माझ्यात आहे!"

"असेल. मी वापरत नाही," तो म्हणाला आणि पुढे गेला. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

पंतांनी पुन्हा हजेरी घेतली. रोह्याच्या मशीनवर, जिथे आता मी होतो, ओळ लांबच्या लांब आली. जोह्याच्या मशीनवर, जिथे माझा असली भाऊ बसला होता, ओळ आखूड. प्रोसेसर बदलले तरी ओळी जिथल्या तिथे. पोरं "हजर" ओरडून ओरडून थकली.

सगळे मामांकडे बघायला लागले. मामा चादरीचं टोक धरून चादरीच्या या बाजूला येत, मग त्या बाजूला जात, त्यांच्याबरोबर चादर गुंडाळत चालली होती आणि ठमाबाई ओढली जात होती. दोन्ही स्क्रीन ते बोट ठेवून वाचत होते.

"मशीन येगळी असंल," ते पुटपुटले. "प्रोसेसर नाय, मशीनच नकली असंल."

दिपिकाचा चेहरा पडला. आता अजून काय काय बदलून दाखवायचं? तेवढ्यात मामा आखूड ओळीवर बोट ठेवून थांबले.

"मास्तर, हितं एपिक हाय."

"आहे," पंत म्हणाले.

"तिकडं वाचा."

पंत पलीकडे गेले. चष्मा पुसून दोनदा वाचलं. "एपिक... गैरहजर!"

मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग हळूहळू त्या गेल्या.

"उचललेल्या साच्यात मिशा जातात," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मिशा जातात, नखं जातात. पन असलीत नाय ते नकलीत कवाच येत नाय. येनार कुठून? आनि ह्या आखूड वळीत तर एपिक हाय." त्यांनी दिपिकाकडे बघितलं. "हे दोघं बी असलीच हायत. लिवनारा ज्याचा त्याचा येगळा."

"तेच सांगत होते ना मी!" दिपिका म्हणाली, आणि आता मात्र ती रडली. हळद गालावरून ओघळायला लागली. "मामा, मी शिकले कोनामुळं? तुमाला नकली देईन मी? असं वाटलं तरी कसं तुमाला?"

मामांच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. "चुकलो गो माय. मला भ्या वाटलं होतं. तू जानार, मोठ्या घरात जानार. वाटलं, आता मामा कमी पडला." त्यांचेही डोळे भरले. एवढा मोठा माणूस, पण लहान मुलासारखा उपरण्याने तोंड पुसायला लागला.

चादर पडली होती, त्यामुळे विराजला आणि दिपिकाला एकमेकांचं तोंड स्वच्छ दिसत होतं. ठमाबाईने दोघांकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि ढोलवाल्यांना म्हणाली, "वाजवा रं."

दुसऱ्या दिवशी मामांनीच दिपिकाला मांडवात आणलं. ते इतके ताठ आणि सावकाश चालत होते की मुहूर्त टळतो की काय अशी सगळ्यांना धास्ती. या सगळ्या गडबडीत एक गोष्ट राहून गेली. आम्हा भावांना कुणी परत बदललंच नाही. भाऊ जोह्याला गेला आणि मी दिपिकाबरोबर रोह्याला आलो. पुढे हे लक्षात आल्यावर दिपिकाने मामांना विचारलंसुद्धा, की परत बदलू का? मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मामाकडचं कुनीतरी हवं तुज्याजवळ."

रोह्याच्या घरी मला काही कमी नव्हतं. नवा कारभारी माझे गुण रोज नावानिशी लिहायचा. पण दिपिकाकडे बघून मला चैन पडेना.

तिच्या सासूबाई मालतीताई चांगल्या होत्या. कधी वाकडा शब्द नाही. घरी कुणी आलं की त्या सुनेची ओळख करून द्यायच्या, "ही आमची सून. पोळ्या मऊ करते, रांगोळी छान काढते, आवाज चढवत नाही." पाहुण्यांच्या माना डोलायच्या. मालतीताईंना सुनेच्या गुणांची जेवढी नावं माहीत होती, तेवढी त्या मनापासून सांगायच्या. बाकीचं दिपिका सांगायची नाही, आणि कुणी विचारायचं नाही. तिची हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. आवाज चढवत नाही म्हणे! हळदीच्या दिवशी कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली दिपिका मी बघितली होती.

श्रावणात मामा भाचीला भेटायला आले. कुणी शेजारीण आलेली होती, मालतीताईंनी तीच ओळख करून दिली. पोळ्या, रांगोळी, आवाज. मामा ऐकत होते. दिपिका मान खाली घालून चहाच्या कपबशा उचलत होती. मामांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, म्हणजे कॉम्प्युटरकडे बघितलं, आणि हात जोडून म्हणाले,

"विहीनबाई, रागावू नका. खोटं तुमी कायच बोलत नाय. पन तुमची वळ आखूड हाय. आमच्या पोरीत अजून लय हाय. मी बी एकदा फसलोय, म्हनून सांगतो. तिलाच इचारा की."

मोरोपंतांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता बिनसलं. मालतीताई सुनेकडे वळल्या.

"दिपिका," त्या म्हणाल्या, "तुला अजून काय काय येतं गं?"

तिला सासरी हे कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मग तिने कपबशा खाली ठेवल्या, पदर खोचला आणि सांगायला बसली. दिवेलागण झाली तरी तिचं सांगणं चालू होतं, आणि विराज माळ्यावर चढून पेटी शोधत होता. पुढे त्याच घराच्या पडवीत तिने दुरुस्तीचं दुकान थाटलं. गल्ल्यावर मालतीताई बसायच्या आणि गिऱ्हाइकांना सुनेचे गुण इतके सांगायच्या की लोक मशीन ठेवून पळून जायचे.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. माझ्या जागी नवे आले आणि मला तिने कापसात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवलं आहे. कारभारी नाही, स्क्रीन नाही, माझी ओळ आता कोरीच. पण म्हणून माझ्या अंगातलं काही गेलेलं नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, कुणाबद्दल थोडंच लिहिलेलं दिसलं तर तेवढ्यावर त्याला कमी समजू नका. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, जे रोज आतल्या आत "हो, हो" म्हणतंय आणि ज्याचं कुणी लिहून घेत नाही. आज घरी गेलात की त्याला एकदा विचारा.